प्रदर्शन उतरवाल, पण प्लास्टरचं काय? संग्रहालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. विश्वस्त मंडळ आणि प्रदर्शन समिती यांस,
सविनय नमस्कार.

पुण्यातल्या शिल्पकारांची कामं आपण एका छताखाली मांडलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. चित्रांची प्रदर्शनं या गावात बारा महिने चालू असतात. बालगंधर्वच्या कलादालनात एक उतरतंय तोवर दुसऱ्याची ठोकाठोक सुरू झालेली असते. शिल्पांच्या वाट्याला हे भाग्य क्वचित येतं, आणि त्याचं कारण काही गूढ नाही. चित्र रिक्षात मांडीवर घेऊन जाता येतं. माणसाच्या उंचीचा पुतळा हलवायचा म्हणजे टेम्पो, हमाल, फळ्या, जुन्या गाद्या, आणि विमा काढलेला नसल्यामुळे वाटभर देवाचं नाव. हा सगळा खटाटोप आपण केलात. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते कुरकुर म्हणून वाचू नये. थोडी कुरकुर आहेच, पुणेकर आहे, पण पत्राचं कारण ती नाही.

मी शिल्पकार नाही. मी साचे काढतो. शिल्पकारानं मातीत घडवलेलं प्लास्टरमध्ये, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये, उतरवायचं, प्लास्टरवरून पुढे फायबर करायचं किंवा ओतकामासाठी मेण काढून द्यायचं, हा आमचा घरचा धंदा. वडीलही हेच करत. आपल्या प्रदर्शनातली काही कामं आमच्या शेडमधून गेलेली आहेत. कोणती, ते सांगत नाही. नाहीतर पत्राचा अर्थ भलताच लागेल.

मागणी एकच आहे. प्रदर्शन संपलं की ही सगळी कामं आली तशी परत जातील. धातूची कामं कुणाच्या तरी दिवाणखान्यात नाहीतर कचेरीत जातील, त्यांची मला काळजी नाही. प्लास्टरची कामं मात्र जिथून काढून आणलीत तिथेच जाणार: माळ्यावर, जिन्याखाली, गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये. ती परत पाठवू नका. जी घरं द्यायला तयार असतील त्यांची प्लास्टर संग्रहालयानं ठेवून घ्यावीत, आणि जी प्रदर्शनात आलीच नाहीत त्यांच्या शोधाला आत्ताच लागावं.

प्लास्टरसाठी एवढा आग्रह का, हे सांगायला हवं. आपल्या मांडणीवरून असं दिसतं की समितीलाही तो प्रश्न पडला असावा. ब्राँझ मधल्या दालनात, चौथऱ्यावर, वरून दिवा सोडलेला. प्लास्टर बाहेरच्या पॅसेजमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी.

शिल्पकार काम करतो ते मातीत. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, रोज ओली फडकी गुंडाळून ठेवायची, नाहीतर तडे जातात. काम पुरं झालं की आम्हाला बोलावणं येतं. मातीवर पहिला थर द्यायचा तो पातळ आणि रंग मिसळलेल्या प्लास्टरचा. त्यावर जाड पांढरा थर. साचा घट्ट झाला की उघडायचा, आतली माती खरवडून काढायची, धुवायचं, साबणाचा हात, तेलाचा हात, आणि मग त्या पोकळीत ताजं प्लास्टर आणि काथ्या. प्लास्टर आवळताना गरम होतं. बाहेरून हात लावला तरी ऊब कळते. ते निवलं की छिन्नी-हातोडी घेऊन बाहेरचा साचा फोडायला बसायचं. पांढरे तुकडे बेधडक उडवायचे, पण रंगीत थर दिसला की हात हलका करायचा. त्याच्या खाली नाक असतं, पापणी असते. त्या रंगाचा उपयोग तेवढाच, हाताला सावध करायचा.

आता हिशेब मांडा. माती मोडून परत हौदात गेली. साचा फुटून कचऱ्यात गेला. शिल्पकाराच्या बोटांचा थेट ठसा उरला तो या एका प्लास्टरवर. दुसरा नाही.

ब्राँझ पुढची गोष्ट आहे. प्लास्टरवरून रबराचा साचा, त्यातून मेण, मेणाभोवती प्लास्टर आणि विटांच्या भुग्याचं आवरण, भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या जागी धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून ब्राँझ मूळ प्लास्टरपेक्षा किंचित लहानच निघतं. मग ओतनळ्या कापायच्या, जोड ग्राइंडरनं घासायचे, छिद्रं भरायची, रसायनानं रंग चढवायचा. ही कामं करणारे कारागीर उत्तम आहेत, माझे मित्र आहेत. पण ब्राँझच्या पुतळ्याचा कान शिल्पकारानं मातीत काढला तसाच राहिलाय की ओतकामात बुजला म्हणून कुणी फिनिशिंगमध्ये पुन्हा कोरलाय, हे ब्राँझकडे पाहून छातीठोक सांगता येत नाही. प्लास्टर शेजारी ठेवलं तर येतं. कूलरशेजारी ठेवलेल्या त्या अर्धपुतळ्याच्या डाव्या कानामागे अंगठ्यानं माती दाबल्याची खूण आहे. मानेवर दातेरी हत्यार एकाच दिशेनं ओढलेलं आहे, वरून खाली, घाईनं, कारण तिथे केस संपतात आणि शिल्पकाराला ती जागा महत्त्वाची वाटली नसावी. मधल्या दालनातल्या त्याच्याच ब्राँझमध्ये ही मान गुळगुळीत आहे. दोन्ही एकाच वास्तूत आहेत आणि पाहणाऱ्याला ती एकमेकांची नातेवाईक आहेत हेसुद्धा कळत नाही.

प्लास्टर म्हणजे कच्चं काम, हा समज जुना आहे. पण मराठी माणसानं घडवलेल्या शिल्पांत जे नाव सर्वांत आधी तोंडात येतं, ती म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरचीच. गणपतराव म्हात्रे जन्मानं पुण्याचे. 1896 साली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असतानाच्या वयात, त्यांनी ती घडवली. हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. ती जे. जे. स्कूलच्या संग्रहात गेली म्हणून आज तिच्याबद्दल बोलता येतं. पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर राहिली असती तर तिचं काय झालं असतं, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

काय होतं ते मी पाहिलंय. सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासाला गेला. घरातले शिल्पकार जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय लिहीत नाही. बिल्डरनं जागा रिकामी करायची मुदत दिलेली, भांडीकुंडी, कपाटं, देव्हारा, सगळं नव्या भाड्याच्या घरी गेलं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माळ्यावर ‘आजोबांचे पुतळे’ आहेत. मला फोन आला. मी पोचेपर्यंत मजुरांनी निम्मे खाली आणले होते, म्हणजे सोडले होते. जिन्याच्या तोंडाशी राडारोड्यात एक हात पडला होता, मनगटापासून तुटलेला, तळवा वर, आतली गंजलेली सळई बाहेर आलेली. कुणाचा हात, कोणत्या पुतळ्याचा, कधीचा, काही सांगता येईना. घरची मंडळी वाईट नव्हती. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. पण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सहा फुटी पुतळा ठेवायचा कुठे, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. वाचवता आले तेवढे अर्धपुतळे मी शेडमध्ये आणून ठेवलेत. माझी शेड म्हणजे काही संग्रहालय नव्हे. पावसाळ्यात तिथे मीच छत्री घेऊन बसतो.

प्लास्टरला पाणी वर्ज्य. ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि सगळ्यात आधी जातात ते बारकावे. ओल आत शिरली की सळई गंजते, गंज फुगतो आणि आतून तडा देतो. म्हणजे बाहेरून धडधाकट दिसणारं काम एक दिवस आपलं आपण उकलतं. पेठांमधले वाडे एकामागून एक पडताहेत, कर्वेनगर-कोथरूडच्या जुन्या सोसायट्याही पुनर्विकासाला लागल्यात. या शहरात शिल्पकारांची जी पिढी स्वातंत्र्याच्या आगेमागे काम करायला लागली, तिच्या माळ्यांवर आता घण पडताहेत. म्हणून ‘आत्ताच’ म्हणतो.

काही जण यातून सुटले ते स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हिमतीवर. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, 1928 साली उभा राहिलेला. राजर्षी शाहूंच्या पुढाकारानं 1921 मध्ये त्याच्या स्मारकाची कोनशिला बसली होती. घोड्याच्या पोटऱ्यांचे स्नायू आणि महाराजांची बैठक पाहायला मी अजून मुद्दाम जातो. तो विनायकराव करमरकरांचा, हे शेजारून रोज जाणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल? करमरकर मूळचे अलिबागजवळच्या सासवन्याचे. त्यांची बाकीची शिल्पं आज पाहता येतात, कारण सासवन्याच्या राहत्या घराचंच त्यांनी शिल्पालय केलं आणि पुढे घरच्यांनी ते सांभाळलं. अंगणात सिमेंटची म्हैस बसलेली आहे. लांबून पाहणारा क्षणभर फसतोच. गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी करणाऱ्या सदाशिव साठ्यांचं शिल्पालय डोंबिवलीत आहे. सासवने झालं, डोंबिवली झालं. पुण्यात अशी एक जागा दाखवा.

आणि हे गाव काही जपणुकीला नवखं नाही. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं गोळा करायला सुरुवात केली तेव्हा लोकांच्या लेखी ती अडगळच होती. त्या अडगळीसाठी त्यांनी आयुष्य घातलं आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. आज परगावचा पाहुणा आला की आपण त्याला केळकर संग्रहालयात नेतो. अडकित्त्याला जागा मिळाली, त्याचा मला आनंदच आहे. अडकित्त्याहून मोठ्या वस्तूला जागा जास्त लागते, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडून कोणत्या अडचणी पुढे येतील याचा अंदाज आहे. जागा नाही, ही पहिली. पण प्लास्टरला दालन लागत नाही, कोरडी खोली लागते. जमिनीपासून हातभर उंच लोखंडी रॅक, भिंतीपासून सुटे, खिडकीला जाळी, छत न गळणारं. मोठे पुतळे मुळातच दोन-तीन भागांत जोडलेले असतात, ते सोडवून ठेवता येतात. कसे सोडवायचे ते आम्ही दाखवू. सगळं कायम मांडून ठेवायची गरज नाही. अभ्यास करणाऱ्या मुलांना आठवड्यातून एक दिवस उघडून दिलंत तरी अभिनव कला महाविद्यालयाच्या पोरांना चार वर्षांत शिकायला मिळत नाही ते त्या खोलीत मिळेल.

दुसरी अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. घरचे लोक प्लास्टर द्यायला घाबरतात. उद्या कुणी त्यावरून साचा काढून प्रती विकल्या तर? ही भीती निराधार नाही. आमच्या धंद्यात कुणाला किती पैसे दिले की काय होतं हे मला माहीत आहे. त्यावर उपाय कागदाचाच आहे. वस्तूची मालकी संग्रहालयाची आणि प्रती काढण्याचा हक्क वारसांचा, असं करारात स्वच्छ लिहा. कायद्यानं शिल्पकाराच्या निधनानंतर 60 वर्षं तो हक्क टिकतो. करमरकर 1967 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हक्काच्या कामांची मुदत 2027 अखेर संपेल. मुदत संपली की बाजारात प्रतीवरून प्रत, त्या प्रतीवरून आणखी प्रत निघायला लागते. दर वेळी काम जरा आकसतं, जरा बुजतं, आणि चौथ्या प्रतीतल्या माणसाला आई ओळखणार नाही. त्या वेळी मूळ काम कसं होतं हे सांगायला संग्रहालयात प्लास्टर असलं पाहिजे. त्रिमितीय स्कॅनिंग आता आवाक्यात आलंय, तेही जरूर करा, विशेषतः जिथे वाडा उद्या पडणार आहे तिथे. फक्त स्कॅन झालं म्हणून वस्तू टाकून देऊ नका.

तिसरी अडचण आपण बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच दाखवतो. कुणाचं ठेवायचं आणि कुणाचं नाही? आपल्या प्रदर्शनात गणपतीचं काम करणाऱ्यांना जागा नाही. ‘व्यावसायिक काम घेतलं नाही’ असं उद्घाटनाच्या दिवशी कानावर आलं. पुण्यात हा नियम लावायचा म्हणजे कमालच आहे. इथल्या शिल्पकारांची चूल पिढ्यानपिढ्या गणेशोत्सवानं पेटती ठेवली. मंडळांचे देखावे, हलती चित्रं, मोठ्या मूर्ती, यांच्यावर हात बसला आणि मग व्यक्तिशिल्पं झाली. मानाच्या तुळशीबाग गणपतीची फायबरची मूर्ती 1975 साली डी. एस. खटावकरांनी घडवली. कला महाविद्यालयात शिकवणारा माणूस उत्सवाची मूर्ती करत होता आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. पावसात मिरवणूक निघाली तरी रंग उतरणार नाही, दरवर्षी हलवता येईल, अशा मूर्तीचा तांत्रिक प्रश्न त्यात सोडवलेला आहे. हे शिल्पकलेच्या इतिहासात बसत नसेल तर तो इतिहास दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा असावा. मंडळांच्या गोदामांतही साचे आणि प्लास्टर पडून आहेत. तिथेही जा.

पाट्यांबद्दल थोडंसं. पाटीवर शिल्पकाराचं नाव, शीर्षक, वर्ष आणि माध्यम आहे. माध्यम जरा नीट लिहा. डाव्या दालनातल्या दोन कामांपुढे ‘ब्राँझ’ लिहिलंय. ती फायबरवर ब्राँझचा रंग दिलेली आहेत. फायबर वाईट नाही, मी त्यावरच पोट भरतो, पण टिचकी मारली तर आवाजानं पोरालाही कळेल. जमल्यास साचा कुणी काढला आणि ओतकाम कुणी केलं तेही एका ओळीत द्या. हे स्वतःसाठी मागतोय असं वाटलं तर माझं नाव वगळा, बाकीच्यांचं घाला. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडानं बांधणारे गोरे शिपाई कोरलेत, अठराव्या शतकातलं पुणं जगाकडे कसं पाहत होतं त्याचा पुरावाच. देऊळ बांधवून घेणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे. गेंडा कोरणाऱ्याचं नाही.

आमच्याकडे शिल्पकारांची आणि कारागिरांची चर्चा होते ती काही कोसळलं की. 2024 च्या ऑगस्टमध्ये मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा पडला तेव्हा चहाच्या टपरीवर माणसं सांगाडा, वेल्डिंग आणि गंजलेले नटबोल्ट यांवर तावातावानं बोलत होती. ऐकून वाटलं, हे सगळं उभ्या पुतळ्यापुढे कुणी सांगितलं असतं तर? संग्रहालयानं ते काम करायचं असतं. एक सांगाडा, एक अर्धी माती चढवलेला, एक साचा, एक प्लास्टर, एक मेण, एक धातू, अशी रांग लावली तर शाळेच्या सहलीतली मुलं तिथून हलणार नाहीत. सामान मी देतो.

आणि कृपा करून शिल्पं भिंतीपासून सोडवा. शिल्पाला पाठ असते. बऱ्याचदा सही आणि साल मागच्या बाजूला, बैठकीच्या खालच्या कडेला असतं. आपण ती भिंतीला टेकवून वर दोरी बांधलीत, त्यामुळे ते वाचायला भिंतीत शिरावं लागतं. दिवे वरून सरळ सोडलेत, त्यानं डोळ्यांच्या खोबणीत नुसता अंधार पडतो. एक दिवा बाजूनं, जरा खालून लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

विश्वस्तांच्या येत्या बैठकीत प्लास्टरचा विषय घ्यावा, ही विनंती. खोली कोणती, यादी कोण करणार आणि घरोघरी जाऊन बोलणार कोण, एवढं ठरलं तरी पुष्कळ. यादीच्या कामाला मी आणि आमच्या धंद्यातले आणखी काही जण फुकट येऊ. कुणाच्या माळ्यावर काय आहे हे आम्हालाच जास्त ठाऊक असतं, कारण ते तिथे चढवायला आम्हीच गेलो होतो. ‘विषय विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं तरी राग नाही, फक्त त्याखाली तारीख घाला.

आपला,
साचेकाम करणारा एक पुणेकर
धायरी

ता. क. दुसऱ्या दालनाच्या उत्तरेकडच्या भिंतीला खाली ओल आली आहे, पोपडे सुटू लागलेत. बसलेल्या स्त्रीचं प्लास्टर त्या भिंतीला टेकून आहे. विश्वस्तांच्या बैठकीची वाट न पाहता ते आजच हलवा. उचलताना खांद्याला धरू नका, हात वेगळा जोडलेला आहे. बैठकीखालून धरा, चार माणसं लागतील.